गोटी कुठे ठेवायची

१२ जानेवारी, वरसे

हर्षदला आज फोनवर विचारलं, "तुम्ही लोकांना मूर्ख समजता का?" आवाज चढला होता. माझा नवरा निलेश शिफ्टवरून येऊन झोपला होता, तो उठून दारात आला, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेला.

भांडण पावसाच्या स्लायडरवरून. गडबच्या खाली खाडीला लागून माझं माहेर. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाला मातीचा बांध आहे, आणि बांधात एक उघाडी, म्हणजे झडपांचा दरवाजा. ओहोटीला झडपा उघडतात, आतलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला त्या मिटतात. पाऊस आणि भरती एकत्र आले की आतलं पाणी उघाडीपाशी येऊन तुंबतं, आणि तिथली जमीन बुडते. जुनी उघाडी मोडली आहे, नवी बांधायची आहे. कुठे बांधायची ते गावाने सभेत ठरवायचं. गावाला नीट दिसावं म्हणून सरकारी खारभूमी कार्यालयाने पनवेलच्या एका एजन्सीला काम दिलं. एजन्सीचा हर्षद मला शोधत रोह्याला कॉलेजात आला, कारण मी गणित शिकवते आणि तिथलीच आहे.

काम असं: संगणकावर एक नोटबुक. एकाच पानावर मजकूर, सूत्रं आणि गावाचा नकाशा. नकाशाखाली तीन नियंत्रणं, म्हणजे सरकवायचे स्लायडर: पाऊस किती, भरती कोणती, उघाडी कुठे. हलवलं की नकाशा बदलतो.

हर्षदचं म्हणणं, पावसाचा स्लायडर मध्येच संपवा. फार पाऊस दाखवला की लोक घाबरतात, सभा बिघडते. मी म्हटलं, पाऊस तुमचा स्लायडर विचारून पडणार आहे का? असा पाऊस इथे पडलेला आहे, तो मी दाखवणार. शेवटी त्याने मान्य केलं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, राग मात्र संध्याकाळपर्यंत गेला नाही. एवढं चिडायचं कारण होतं का? होतं. तरी विचारून ठेवते.

१९ जानेवारी

भरती मीटरमध्ये मोजणारा स्लायडर केला होता, आज काढून टाकला. माहेरी कोणी मीटरमध्ये भरती बोलत नाही. आता तिथींची यादी केली. अष्टमी निवडली की भांगाची लहान भरती, अमावास्या निवडली की उधाण. हर्षद म्हणाला, मॅडम, राहुकाळ पण टाका. मी हसले नाही. नंतर भाकऱ्या करताना हसू आलं.

९ फेब्रुवारी, माहेर

सकाळच्या एसटीने गडब. जगनदादा मोटरसायकल घेऊन आला होता. त्याच्यामागे बसून बांधावर गेले.

जुनी उघाडी बांधाच्या उजव्या अंगाला, दादाच्या शेताला लागून. एक झडप नाही, दुसरी तिरकी होऊन अडकलेली. भरतीचं पाणी सरळ आत येतं. शेतावर मिठाची पापडी धरली आहे, चालताना कुरकुरते. दादाने भात घेणं केव्हाच सोडलं. तो नुसता पुढे चालतो आणि मध्येच वळून बघतो की मी बघतेय ना.

परत येताना बांधाच्या डाव्या टोकाला बुधाच्या वाडीवर थांबलो. कातकऱ्यांची घरं, माझ्या आजोबांच्या आधीपासूनची. जमीन तिथे इतकी सखल आहे की बांधावरून घरांची कौलं पायांच्या पातळीला दिसतात. बुधा दादाकडे मजुरीला येतो. त्याची बायको चिमा जाळ्यावर जवळा वाळवत होती. मला म्हणाली, "ताई, तुजी मशीन सभेला आणशील तवा आमाला पन बघाया बोलव." मी म्हटलं, तुमच्यासाठीच तर करतेय.

वहिनीने, चंद्रावतीने, येताना वालाच्या शेंगा बांधून दिल्या. दादा एसटी येईपर्यंत थांबला. "संध्ये, यंदा तरी होऊ दे," एवढंच म्हणाला.

१६ फेब्रुवारी

दिवसभर चाचण्या. तिसरं नियंत्रण, उघाडीच्या जागेचं, मला सगळ्यात आवडलं आहे. बांधाची लांबी म्हणजे पट्टी आणि तिच्यावर सरकणारी गोटी. आधी गोटी सरकत असतानाच नकाशा बदलत होता, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो अडखळायचा आणि मागचंच चित्र खरं वाटायचं. आता गोटी सोडली की मगच बदलतो. थोडं थांबावं लागतं, पण दिसतं ते खरं असतं.

गोटी उजवीकडे असली की दादाच्या बाजूची शेतं निळी. डावीकडे नेत गेलं की निळं उतरत जातं आणि अगदी टोकाला नेलं की एकही शेत बुडत नाही. खाली डावीकडचा एक कोपरा तर पाऊस कितीही वाढवा, पांढराच राहतो. सगळं हलत असताना एक जागा स्थिर आहे, म्हणजे गणित कुठे उधळत नाही. बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

रंगांवरून भांडण. हर्षदला कोरडी जमीन हिरवी हवी. हिरवी म्हणजे छान दिसते म्हणे. मी म्हटलं, हिरवा रंग म्हणजे आश्वासन आहे. बुडणार नाही एवढंच आपण सांगतोय, पिकेल असं सांगत नाही. कोरडं ते पांढरं राहील. मिठाच्या पापडीवर हिरवा रंग फासणारी ही माणसं. चीड आली.

पांढरंच ठेवलं. एवढ्याशा गोष्टीसाठी अर्धा तास फोन. पण अशाच गोष्टींत खोटेपणा शिरतो.

२ मार्च

हर्षदची शेवटची मागणी: नोटबुक उघडल्या उघडल्या नकाशा निळा दिसता कामा नये. गोटी डावीकडे ठेवूनच उघडावं. "पहिलं चित्र चांगलं दिसलं तर लोक बसतील, मॅडम."

यावर मी भांडले नाही. गोटी कुठे तरी ठेवून सुरुवात करावीच लागते, सॉफ्टवेअरला रिकामी जागा चालत नाही. ज्याला हवी त्याने ती हलवावी. यात खोटं काही नाही. तरी दोनदा विचार केला.

९ मार्च, माहेर

खास ग्रामसभा झाली. शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावला होता. कार्यालयाचे साहेब, सरपंच, पुढे शेतकरी, मागे बाया, अगदी मागे पायरीवर वाडीची माणसं. चिमाने मला हात केला.

सुरुवातीला कोणी हलवायला पुढे येईना. मग एक म्हातारे आले, टचपॅडवर बोट ठेवताना त्यांनी आधी ते धोतराला पुसलं. त्यानंतर रांगच लागली. अमावास्या निवडली, पाऊस वाढवला, मागून ओरडा, आजून, आजून. उघाडीची गोटी उजवीकडे नेली तेव्हा नकाशावर दादाचं शेत निळं झालं, आणि कोणीतरी म्हणालं, "जगन्या, होडी काढ." सगळे हसले, दादाही. मग, "डावीकडं घे, आजून जरा, थांबव." सगळी शेतं पांढरी. टाळ्या.

साहेबांनी विचारलं, उघाडी इथे चालेल का? हात वर झाले. वाडीच्या माणसांनीही केले. बुधाने तर दोन्ही. एकमताने ठराव.

येताना दादाने मला हायवेपर्यंत सोडलं आणि वडापाव खाऊ घातला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गणिताचा कोणाला तरी उपयोग झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं.

१४ मार्च

शिमगा. कॉलेज बंद. निलेश रंगाने माखून आला. मी शांत आहे, तो म्हणतो तब्येत बरी आहे ना.

३० मार्च

पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला वहिनीचा फोन. उघाडीच्या जागी खुंट्या मारून गेले म्हणाली, वाडीला अगदी खेटून. मग हसत चिमाची गंमत सांगायला लागली. जोतं उंच करायला जमवलेले दगड बुधाने नव्या पडवीला लावून टाकले. वहिनीने विचारलं, पावसात काय करशील गो? तर चिमा म्हणाली, "ताईच्या मशीनमदे आमची वाडी पांढरी हाय. आमच्यात पानी नाय येनार."

वहिनी हसत होती. मी फोन ठेवला आणि लॅपटॉप काढला.

३१ मार्च

पाहिलं. लिहिते, म्हणजे पुढे मला स्वतःला फसवता येणार नाही.

कार्यालयाने दिलेली जमिनीची उंची सातबाऱ्याच्या गटांप्रमाणे होती. प्रत्येक गटाला एक आकडा. वाडीला सातबारा नाही, गट नंबर नाही, म्हणून आकडाही नाही. जिथे आकडा नाही तिथे माझ्या सूत्राने रंग भरलाच नाही, मोकळी जागा पांढरी राहिली. आणि शून्य पाण्याचा माझा रंगही पांढराच. तो स्थिर कोपरा वाडीचा होता. गणित स्थिर आहे म्हणून मला बरं वाटलं होतं.

शून्य आणि माहीत नाही यांत फरक असतो, हे मी अकरावीच्या मुलांना दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवते.

सगळ्यात जास्त राग याचा की हर्षदचा हिरवा ठेवला असता तर वाडीच्या जागी पांढरं भोक दिसलं असतं. कोणीतरी विचारलं असतं, हे काय आहे? माझ्या प्रामाणिक पांढऱ्यात ते भोक बुजून गेलं. ज्या माणसाला मी खोटारडा म्हणत होते त्याच्या खोटेपणाने वाडी वाचली असती. असल्या विचाराने हातातलं पेनसुद्धा फेकावंसं वाटतं.

बांधाच्या मोजणीच्या नकाशावरून वाडीची उंची काढून घातली. गोटी डाव्या टोकाला, अमावास्या, मागच्या श्रावणातला पाऊस. कोपरा काळानिळा झाला. कौलांपर्यंत.

२ एप्रिल

हर्षद: "वाडी आपल्या स्कोपमध्ये नव्हती, मॅडम. काम सबमिट झालं, ठरावही झाला. आता कशाला?"

मी म्हटलं, माणसं राहतात तिथे. तो म्हणाला, माणसं सगळीकडे राहतात. पुढे म्हणाला की पावसाचा स्लायडर पूर्ण हवा म्हणून तुम्ही भांडलात तेव्हा मी ऐकलंच ना. जणू माझ्या वाट्याची एक लढाई मला मिळाली होती, आता दुसरी मागायची नाही.

कार्यालयाला मेल केला. उत्तर नाही.

६ एप्रिल, माहेर

दादाला सांगितलं. ओटीवर बसलो होतो, वहिनी तांदूळ निवडत होती. सगळं त्याने ऐकून घेतलं.

"मंग आता?"

म्हटलं, सभेत पुन्हा दाखवायला हवं. एक मेला ग्रामसभा आहेच.

"म्हंजे उघाडी परत माज्या बाजूला."

म्हटलं, कुठे ते मला माहीत नाही. सभा ठरवेल.

"तुला सगला मायती हाय. पुना गोटी फिरली का यंदाचा काम गेला. मंग मी काय मीठ पेरू?" आवाज चढवला नाही. "बुधा माजाच मानूस हाय. पानी आला तर आपल्या पडवीत येल. दर साली येतोच. त्याला मी कवा नाय म्हनलाय?"

वहिनी मान वर न करता म्हणाली, "एका पडवीत किती माणसं मावतील?"

दादा उठून गेला. मला त्याचा राग आला, आणि त्याचं शेत मी पाहिलेलं आहे म्हणून तो राग धड करताही येईना. दर वर्षी ती माणसं आमच्या पडवीत येऊन बसायची. लहानपणी मला ते सणासारखं वाटायचं, वाडीच्या पोरींबरोबर खेळायला मिळायचं. ती का यायची हे मला माहीत होतं. नकाशा करताना मात्र आठवलं नाही. का?

७ एप्रिल

निलेश म्हणाला, भावाशी वैर घेऊन गाव सुधारणार आहेस का? त्याला जेवायला वाढलं आणि मी तशीच उठले.

१३ एप्रिल, वाडीवर

एकटी गेले. दादाला कळवलं नाही. गडबला उतरून रिक्षा केली.

बुधा नव्या पडवीत बसला होता. ते दगड माझ्यासमोर होते. लॅपटॉप उघडून दाखवला, गोटी डावीकडे, पाऊस, अमावास्या. निळा कोपरा दाखवून सांगितलं, ही तुमची वाडी.

चिमाने विचारलं, "मंग तवा पांढरी का व्हती?"

तुमची मापं माझ्याकडे नव्हती, म्हटलं. गट नंबर नाही म्हणून.

"मापं नवती तर तसं बोलायचं," बुधा म्हणाला. "आमी हात वर केले."

माफी मागितली. ती कोणी घेतलीही नाही, नाकारलीही नाही. चिमा आत गेली आणि जाळं आणून सांधत बसली. तिने चहा विचारला नाही. आजवर असं झालेलं नाही.

बुधाला म्हटलं, एक मेच्या सभेला या, पुढे बसा. तो म्हणाला, येऊ. मग त्या दगडांकडे बघत, "हे काढाया लागतील."

२७ एप्रिल

नवं नोटबुक तयार. नियंत्रणं तीच. जिथे माप नाही तिथे आता तिरप्या रेघा येतात, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: इथलं माहीत नाही. वाडीला तिच्या उंचीचा रंग. स्मशानाची जागा आणि मिठागराचा एक तुकडाही रेघांत आले, तेही आधी पांढरे होते.

कार्यालयाचं उत्तर आलं: सभेत मांडावे, अधिकारी उपस्थित राहतील. सरपंचांनीही फोनवर हो म्हटलं, पण असं, जसं आजारी माणसाला भेटायला येतो म्हणतात.

१ मे, माहेर

व्हरांडा तोच, पडदा तोच. बुधा, चिमा आणि वाडीची माणसं या वेळी दुसऱ्या रांगेत बसली. पहिली रांग रिकामी होती तरी कोणी त्यात बसलं नाही.

मी उभी राहून सांगितलं की मागचा नकाशा चुकीचा होता, चूक माझी होती, आणि काय चुकलं. कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, रोह्याला शिकवते ना, पोरांचं काय होत असंल. हसले. मी थांबले, मग पुढे सांगितलं. गोटी ठरावाच्या जागी ठेवली. वाडी निळी झाली. एक म्हणाला, चार घरं तर हायेत, उचलून दुसरीकडं बांधू. दुसरा म्हणाला, सरकारी जमीन हाय ती. कोणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दादा खांबाला टेकून उभा होता.

मी म्हटलं, ज्याला गोटी हलवून बघायची आहे त्याने यावं. माझा आवाज कापत होता, तो रागाने कापत होता हे बहुतेकांना कळलं नसावं.

बुधा उठला. लॅपटॉपपाशी आला. मी बोट कसं ठेवायचं ते दाखवायला गेले, त्याने हात बाजूला केला. गोटी धरली आणि सरळ उजव्या टोकाला नेली. सोडली. नकाशाला बदलायला नेहमीसारखा क्षणभर वेळ लागला. मग वाडीवर दर वर्षीच्या पाण्याएवढी फिकट निळी कड उरली आणि पहिल्या रांगेत बसू शकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची शेतं निळी.

आता गलका झाला. सरपंच म्हणाले, "बुधा, डावीकडं घे, डावीकडं."

बुधाने घेतलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "मागल्या सभेला आमी असंच बसलो व्हतो. आमाला मायती नवतं एवढंच."

आणि गोटी तिथेच ठेवून जागेवर जाऊन बसला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, गोटी परत फिरवावी म्हणून. माझा हात टचपॅडजवळ होता. मी तो मागे घेतला. ते निळं चित्र पडद्यावर तसंच राहिलं, साहेबांनी चष्मा पुसला, आणि त्या चित्राखालीच पुढची चर्चा झाली. खूप वेळ झाली. शेवटी ठराव स्थगित. वाडी, स्मशान, मिठागर सगळ्यांची मापं घेऊन पुन्हा बसायचं. यंदाच्या पावसाआधी उघाडी होणार नाही हे साहेबांनी स्पष्ट सांगितलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादा सभा संपायच्या आधीच गेला होता. हायवेपर्यंत मला वहिनीने सोडलं, चालत.

४ मे, वरसे

खुंट्या उपटल्याचं वहिनीने कळवलं. बुधाने पडवी मोडायला घेतली आहे, दगड परत जोत्याला.

माझ्याकडे एकच काम उरलं होतं. नोटबुक उघडताना गोटी कुठे असावी. मधोमध ठेवून पाहिली, ते निःपक्षपाती दिसलं, पण मधोमध काहीच नाही, नुसता बांध आहे. डावीकडे ठेवणं म्हणजे हर्षद. उजव्या टोकाला ठेवणं म्हणजे बुधाचा राग मी वापरणं, आणि तो माझा नाही. शेवटी आज मोडकी उघाडी जिथे आहे तिथे ठेवली. काहीच केलं नाही तर काय होतं, ते आधी दिसावं. तसं करून सरपंचांना पाठवलं.

दुपारी दादाचा फोन आला. सभेनंतर पहिला.

"उगडला का पयला माजाच शेत बुडलेला दिसतो."

"बुडलेलंच आहे, दादा."

मागे कावळे ओरडत होते, म्हणजे बांधावर उभा असावा. मग म्हणाला, "बुधा आज कामावर नाय आला. तुला काय बोललाय का?"

नाही म्हटलं.

"दगड काढतोय म्हनं एकटाच," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.